तिसऱ्यांदा विचारल्यावर

बाबा, तुमची ती तीनदा विचारायची रीत मी पोलिसात पंधरा वर्षं वापरली. तुम्ही रेल्वेत टीसी. अर्ध्या तिकिटावरच्या पोराला गोडीगोडीने विचारायचात, "उमर कितनी है, बेटा?" थोड्या वेळाने तेच, मग तिसऱ्यांदा तेच. आईने पढवून आणलेलं पोरगं तिसऱ्या खेपेला खरं वय सांगून बसायचं. घरी जेवताना तुम्ही ते रंगवून सांगायचात आणि वर म्हणायचात, "लबाडी तिसऱ्यांदा टिकत नाही." माझा संशयी स्वभाव तुमचाच, आणि मला त्याचा तोराही होता.

गेल्या वर्षी भनपुरीची सात वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. शिकवणीवाल्या भैयाबद्दल तक्रार होती. मी विचारलं, तिने सांगितलं, अडखळत, पण सगळं. मी परत विचारलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "कुछ नहीं हुआ, दीदी." मनात म्हटलं, सापडली! आणि तसंच लिहून घेतलं. केस तिथेच बंद झाली. तो भैया आजही त्याच पाऱ्यात, त्याच वस्तीत शिकवणी घेतो, तिच्या घरापासून चार दारं सोडून.

या महिन्यात आम्हाला नव्याने शिकवायला एक बाई आल्या, माझ्याहून लहान. म्हणाल्या, एकदाच विचारा आणि गप्प बसा. तोच प्रश्न परत आला की लेकराला वाटतं, आपलं उत्तर चुकलं; मग ते मोठ्यांना हवं ते उत्तर देतं. मी लगेच हात वर केला, "और बच्चा झूठ बोल रहा हो तो?" त्या म्हणाल्या, "पहले सुन तो लीजिए, मैडम." मला त्यांचाच संशय आला. पुस्तकं वाचून आलेली, हिला काय ठाऊक लेकरं! पण घरी येईपर्यंत आपलं क्वार्टरमधलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलेना.

मी नऊ वर्षांची आहे. दर रविवारी जेवायला येणाऱ्या तुमच्या त्या दोस्ताबद्दल मी तुम्हाला सांगते आहे. आई पोळ्या लाटायची थांबली आहे. "काय म्हणून राहिली तू?" तुम्ही विचारता. मी परत सांगते. "नीट सांग, काय झालं?" तिसऱ्यांदा विचारताना घास तुमच्या हातातच आहे, आणि तुम्हाला काय ऐकायचंय ते मला कळतं. "काही नाही झालं." तुम्ही आईकडे वळून म्हणता, "पाहा, नाही टिकली."

पण त्यानंतर ते काका आपल्या घरी कधी आले नाहीत. काहून, बाबा? तुम्हाला कळलं होतं ना? मग मले लबाड काहून राहू दिलं? मला याचा फार राग येतो, आणि तुम्ही उत्तर द्यायला नाही म्हणून जास्तच येतो.

उद्या साहेबांकडे अर्ज देणार आहे, त्या भनपुरीच्या मुलीची केस परत उघडा म्हणून. चूक माझ्या विचारण्यात होती, असं त्यात लिहिलंय. नोकरीवर काय येईल ते येवो. हे पत्र मात्र कुठे टाकणार? तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढंच सांगायचं राहून गेलं होतं, मी पहिल्यांदा सांगितलं तेच खरं होतं.