पाठमोरी

दौंड, ४ फेब्रुवारी २००७

पुण्याच्या प्रकाशक बाई म्हणतात, ‘‘सगळं छान आहे गं, पण तू रडतेस कुठे?’’ — घ्या! आता यांना रडूनही दाखवायचं!

स्वतःच्या आयुष्याची चित्रकथा काढून नेली होती. समृद्धीवर माझं प्रेम होतं, हे सरळ चित्रात काढलं. बाईंनी चष्मा काढला. ‘‘किती धाडसी!’’ गार खोलीत बसून दुसऱ्याचं धाडस बघायला बरं वाटत असेल.

तरी पुस्तक काढणार म्हणाल्या. माझ्याच नावानं. म्हणजे आता गावी घरीही कळणार.

८ फेब्रुवारी

कुरकुंभच्या औषध कंपनीत दिवसपाळी. लॅबमध्ये समृद्धीच्या जागेवर आता नवीन बाई बसते. याच टेबलांवर आम्ही शेजारी शेजारी बसून गोळ्या तपासल्या, दौंडच्या याच खोलीत एकत्र राहिलो. मग तिला भोसरीचं स्थळ आलं आणि बाईसाहेब बोहल्यावर! जाताना मला म्हणाली, ‘‘आपलं ते काय खरं होतं का?’’

खरं नव्हतं म्हणे! नवऱ्याचं मात्र सगळं खरं — ढेरीसकट. चित्रात ती जरा वाढवलीच.

निमोणे, ११ फेब्रुवारी

आप्पांनी परत स्थळ आणलं. कोरेगाव भीमाचं. पोराचे टेम्पो कुठल्याशा कंपनीला लावलेत, त्याचीच टिमकी. मला विचारतो, ‘‘छंद काय?’’

‘‘चित्रं काढते.’’

‘‘म्हंजी रांगोळी?’’

हो बाबा, रांगोळी!

आई आत खाली मान घालून पोहे परतत होती. आप्पा म्हणतील ती पूर्व. चौथी मुलगी म्हणून जन्मताच आईचं नाव नकुशी ठेवलं, आन् ही आयुष्यभर तशीच वागली. नको असल्यासारखी. असं जगण्यापेक्षा...! जाऊ दे.

१४ फेब्रुवारी

कँटीनमध्ये गुलाब वाटले. फक्त लग्न झालेल्यांना. वा!

निमोणे, १८ फेब्रुवारी

पुस्तक छापून यायच्या आत घरी सांगायचं ठरवलं, म्हणून पानं घेऊन गेले. आप्पा शिरूरला गेलेले. आई एकटी. तिला वाचता येत नाही. म्हटलं बघू दे, हिला काय कळणार!

तिनं हात पदराला पुसले. एकेक पान बोट ठेवून बघायला लागली. ‘‘ही समृद्धी न्हवं?’’

‘‘व्हय.’’

आम्ही दोघी एका पांघरुणात आहोत त्या पानावर ती थांबली.

‘‘म्हंजी... नवरा-बायकूगत?’’

‘‘व्हय, आई.’’

पुढचं पान उलटलं. शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, ‘‘आन् मी कुठं हाय?’’

‘‘ही काय, चुलीपुढं.’’

‘‘ही पाठ हाय. हितं बी पाठच. माझं तोंड कुठं काढलंयस?’’

मी पानं परत चाळली. कुठंच नव्हतं. एका चौकटीत नव्हतं.

मग रडले. नाक गळेपर्यंत, हुंदके देऊन, शेजारच्या अनसाबाई डोकावून गेल्या तरी! समृद्धीच्या लग्नात वाढायला उभी राहिले होते, तेव्हा नव्हतं आलं एवढं रडू. आईनं जवळ घेतलं नाही. उठूनही गेली नाही.

२५ फेब्रुवारी

आप्पांना सांगून टाकलं. पानं अंगणात भिरकावली त्यांनी. ‘‘भावकीत काय तोंड दाखवू? परत ह्या घरात पाय टाकायचा न्हाई!’’ दारुड्या भाच्यांच्या शेजारी बसून जेवताना भावकीला तोंड दाखवता येतं. मी तेवढी आडवी आले!

आणि आई? उंबऱ्यात उभी. गप्प! चित्रात तोंड पाहिजे बाईला, पण उघडायची वेळ आली की मुकी. पानं मीच गोळा केली, एकटीनं. बसू दे तिला तिथंच भाकरी थापत!

दौंड, २ मार्च

आई आली. एकटी. शिरूरला गाडी बदलून, विचारत विचारत. पिशवीत दोन पातळं.

आप्पांचा फोन आला. माझ्या हातातून तिनंच घेतला.

‘‘न्हाई येत,’’ म्हणाली. बास, एवढंच.