घशावरची बोटं

प्रिय टिटवे,

शाळेच्या मागच्या जिन्यावर, प्रयोगशाळेच्या खिडकीखाली आपण दोघी बसायचो, ते तुला आठवतं का? शालान्त परीक्षा तोंडावर आली होती. मी इंग्रजीचा उतारा मोठ्यानं वाचायचे आणि तू गुडघ्यावर हनुवटी टेकवून, डोळे मिटून ऐकायचीस. तुला स्वतः वाचून ओ की ठो कळायचं नाही. मी वाचला की मात्र त्याच उताऱ्याची उत्तरं तू धडाधडा सांगायचीस, माझ्याआधी. दगडी पायऱ्यांचा गारवा स्कर्टमधून वर यायचा. आपल्या इंग्रजीच्या सिस्टरनं शिकवलेली ती युक्तीही आठवत असेल. शब्द म्हणताना दोन बोटं घशावर ठेवायची. घसा थरथरला तर गळा बोलतोय, नाही तर नुसती हवा. तू मात्र स्वतःच्या घशाऐवजी माझ्याच घशावर बोटं ठेवायचीस. म्हणायचीस, "तुझ्यात मोटार आहे बाई, माझ्यात नुसती सायकल."

पेपर सुटल्यावर तू धावत आलीस आणि मला गदागदा हलवलंस. "अगं, तो उतारा मला दिसला आणि तू डोक्यात वाचायलाच लागलीस! मी नुसती ऐकत होते." आणि मग सगळ्या मुलींसमोर माझी नक्कल. तो किंचित नाकातला स्वर, वाक्याच्या शेवटी एक पायरी उतरल्यासारखं खाली येणं, स्वल्पविरामाला भुवई उचलणं. सगळ्या हसून लोटपोट. मी इतकी चिडले की घरापर्यंत तुझ्याशी अक्षर बोलले नाही. पुढे लग्नांत, बारशांत, जिथे जिथे भेटलो तिथे तू ती नक्कल करत राहिलीस आणि मी चिडत राहिले. ही नक्कल लक्षात ठेव. पुढे तिचं काम आहे.

तू म्हणशील, हिला आज पत्राचं काय सुचलं, फोन मोडला की काय? फोन धड आहे. पण तू "हॅलो"वरच सगळं ओळखलं असतंस आणि मला काही सांगायच्या आत रडायला लागली असतीस. म्हणून पत्र. आणि मला नीट रांगेनं सांगायचं आहे.

मी अजून संध्याकाळी पुढच्या खोलीत शिकवणी घेते, हे तुला माहीत आहे. पूर्वी खोली भरायची, आता मुली क्लासला जातात. यंदा एकच विद्यार्थिनी उरली आहे आणि ती चाळिशीची आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणाचं दुकान आहे ना, तिथली शिंपीण. शाळा अर्ध्यात सुटली होती. आता बाहेरून बसून तिनं बाकीचे सगळे विषय काढले. इंग्रजीत दोनदा गचकली. दुकानाच्या मालकाला जागा परत हवी आहे, त्याला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं आहे. इथल्या मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाईंची जागा रिकामी झाली आहे आणि मुख्याध्यापिकेनं निकालापर्यंत ती हिच्यासाठी धरून ठेवली आहे. यंदा पास झाली तर हिला शाळा, नाही तर मशीन घरात नेऊन पलंगाशेजारी बसून फॉल-पिको. एवढं सरळ आहे ते.

बाई मोठी मजेची आहे. मी काळ शिकवायला घेतले तर म्हणाली, "बाई, थांबा, मला कळलं. भूतकाळ म्हणजे शिवून घडी घातलेला कपडा. वर्तमानकाळ म्हणजे मशीनवरचा. आणि भविष्यकाळ म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली तारीख, तिचं काही खरं नाही." शब्द पाठ करायला तिनं स्वतःची पद्धत काढली आहे. भिंतीवर गिऱ्हाइकांची मापं लिहिलेले कागद असतात, त्यांच्या खाली ती एकेक इंग्रजी शब्द टाचणीनं लावते आणि ब्लाउज बेतता बेतता म्हणते. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, माझ्या मापाखाली "स्टबर्न" का लिहिलंय?

उताऱ्याशी मात्र तिचं भांडणच होतं. एकात एक म्हातारा उशीर झालेल्या गाडीची वाट बघत बाकावर बसून राहतो. त्यानं काय केलं, असा प्रश्न. हिनं लिहिलं की त्यानं स्टेशनमास्तरला जाऊन विचारलं. मी म्हटलं, अहो ताई, उताऱ्यात असं कुठे आहे? "नसेल, पण विचारायला नको का? तोंडाला कुलूप लावून बसला होता का तो?" मग एकदा मी तोच उतारा मोठ्यानं वाचून दाखवला आणि मला आपला जिनाच दिसला, टिटवे. ती मान खाली घालून, हातातल्या टेपशी खेळत ऐकत होती आणि ऐकून झाल्यावर सगळी उत्तरं बरोबर. ती तुझीच जात. कानानं वाचणारी.

मागच्या परीक्षेत काय झालं तेही तिनं मला तेव्हाच सांगितलं. ती ओठ हलवून वाचत होती. वर्गावरच्या सरांनी "पुटपुटू नका, मनात वाचा" म्हणून दरडावलं. दुसऱ्यांदा पेपर काढून घ्यायची धमकी दिली. मग हिनं ओठ दातांखाली धरले आणि सगळी अक्षरं मुंग्यांसारखी पळाली. उत्तरपत्रिका अर्धी कोरी. तेव्हापासून तिच्या मनात भीती भरली आहे. तुझी गोष्ट मी तिला सांगितली. म्हटलं, माझी एक मैत्रीण अख्खा पेपर माझ्या आवाजात वाचून पास झाली. तिला ते इतकं पटलं की आता रोज एकच काम. मी वाचायचं, तिनं ऐकायचं, मग तिनं तोंड मिटून तोच उतारा डोक्यात माझ्या आवाजात वाचायचा. जमायला लागलं होतं गं. अगदी चेहऱ्यावर दिसायचं, डोक्यात मी वाचू लागले की तिच्या भुवया स्वल्पविरामाला वर जायच्या. मला हसू यायचं आणि तुझी आठवण यायची.

एका संध्याकाळी मी तिला सिस्टरची ती बोटांची युक्ती दाखवत होते. तिला स्वतःच्या गळ्यात काही थरथर कळेना. मी तिचा हात धरून माझ्या घशावर ठेवला. मी शब्द म्हणत होते. तिची बोटं जराशी बाजूला सरकली, तिथेच थांबली, परत फिरून आली. अस्तराखाली सुई राहिली असेल तर चाचपतात, तशी. मग म्हणाली, "बाई, इथे काय आहे?" मी म्हटलं, गळा आहे, दुसरं काय असणार. ती हसली नाही. "नाही बाई, गाठ आहे. आणि तुमचा आवाज सहा महिने झाले बसलाय, तुम्ही म्हणता सर्दी आहे. एवढी कसली मुक्कामाला आलेली सर्दी?" दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तीच मला डॉक्टरकडे घेऊन गेली. बाहेरच्या बाकावर शब्द पाठ करत बसली होती.

डॉक्टर आत जे बोलले, त्यातलं मी तिला काही सांगितलं नाही. बाहेर आले आणि म्हटलं, काही नाही, सूज आहे, गोळ्या दिल्यात. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "सांगून ठेवते बाई, तुम्हाला काही झालं तर पेपर गेला खड्ड्यात. मी तुमच्याजवळ बसणार." तिच्या तोंडून शब्द गेला की गेला. गिऱ्हाइकांच्या तारखा सोडल्या तर ती बोलते तसंच करते. म्हणून मी गप्प आहे. पुढच्या सगळ्या तपासण्यांना दुसरीच कारणं सांगून एकटी गेले. मुलाला मात्र कळवलं आहे. तो येतो आहे. तो फोनवर फार शहाण्यासारखा बोलतो, आणि ठेवल्यावर पाचच मिनिटांत उगाच पुन्हा करतो, काही नाही आई, सहज.

टिटवे, मी घाबरले आहे. एवढ्या जणींना "घाबरायचं नाही, आधी सोपे प्रश्न सोडव" म्हणून सांगितलं, पण माझ्या पेपरात सोपा प्रश्नच नाही. घरात एकटी असले की मी मोठ्यानं बोलत हिंडते. डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचते, मीठ, साखर, मोहरी. वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचते. कडी लावताना म्हणते, कडी लावली. मी आवाज साठवते आहे की उधळते आहे, माझं मलाच कळत नाही. काल आरशासमोर उभी राहून घशावर बोटं ठेवली. मोटार अजून चालते गं, नुसती खडखडते. किती वेळ तशीच उभी होते. बोटं काढायचीच भीती वाटत होती.

दवाखान्यातली नर्सबाई चांगली आहे. ती म्हणाली, आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवा. मी शिंपिणीचे चार उतारे भरले आणि लावून ऐकले. कोणी तरी खोकून खोकून थकलेला म्हातारा बोलत होता. मी घाबरून बंद केलं. शिंपिणीला ऐकवलं तर तीही म्हणाली, "हे नको बाई, हे ऐकलं तर परीक्षेत मला तुमची काळजीच लागेल, उतारा राहील बाजूला." आणि गेले आठ दिवस मी दोन ओळींच्या वर वाचू शकत नाही. ती परत बावरू लागली आहे. काल तोंड मिटून बसली, भुवई काही उचलली नाही. डोळे वर करून म्हणाली, "बाई, आज तुम्ही आलाच नाहीत."

आता खरं ते लिहिते. सोमवारी माझं ऑपरेशन आहे आणि त्याच आठवड्यात गुरुवारी तिचा इंग्रजीचा पेपर. पुढे ढकलायला डॉक्टर तयार नाहीत. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार आहे. मग मी जगेन, जेवीन, हिंडेन, पण बोलणार नाही. नर्सबाई सांगत होती, भूल देताना आकडे मोजायला लावतात. म्हणजे बघ, जन्मभर इतकं बोलले आणि माझा शेवटचा शब्द "पाच" नाही तर "सहा" असणार. माझा इंग्रजी वाचणारा चांगला आवाज या जगात आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे, तुझ्या त्या मेल्या नकलेत. म्हणून लिहिते आहे. शनिवारपर्यंत ये. शिंपिणीला मी सांगितलं आहे की मी मुलाकडे चालले आहे आणि माझ्या जागी माझी मैत्रीण शिकवील. तू माझ्या घरात राहा आणि रोज संध्याकाळी तिला उतारे वाचून दाखव, माझ्या आवाजात, नाकात, पायरी उतरत, भुवई उचलत. मी चिडणार नाही, देवाशप्पथ. पेपर सुटेपर्यंत तिला काही कळू देऊ नकोस. टिटवी समुद्र आटवते म्हणतात, तुला एवढं जमेल. माझा जाड शब्दकोश आता शिंपिणीचा, पण निकालानंतर नाही, पेपर झाल्या झाल्या दे. पास झाली तर बक्षीस आणि नापास झाली तर समजूत असं त्याचं व्हायला नको. माझं घड्याळ तिला परीक्षेला घालायला दे आणि परत घेऊ नकोस. माझी उंच पाठीची खुर्चीही तिच्याच शाळेत जाऊ दे, शिवणाच्या बाईंना पाठीला आधार लागतो. मुलासाठी खणात त्याच्या लहानपणीच्या मराठी कवितांची कॅसेट आहे, मी म्हटलेल्या. ती त्याला लगेच देऊ नकोस, तो स्वतःहून विचारील तेव्हाच दे. शाळेतला वक्तृत्वाचा कप तुला. त्या वर्षी तू दुसरी आली होतीस, आता पहिली तूच. आणि आलीस की बेल वाजव. मी आतून विचारीन, "कोण आहे?" लगेच उत्तर देऊ नकोस. मला पुन्हा एकदा विचारू दे.

तुझीच,
मोटार