सोमारीने लावलेली प्रत

मी, दिव्यानी देवराव खोब्रागडे, वय ३२ वर्षे, इलेक्ट्रॉनिक्स पदविकाधारक, व्यवसाय जुन्या संगणकांचे सर्किट बोर्ड निवडून प्रतवारी करणे, राहणार सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतः टाइप करून ठेवते. येत्या सोमवारी नागपुरात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. धोका शंभरात दोन, असे डॉक्टर म्हणाले. आमच्या धंद्यात शंभरात दोन हा मोठा आकडा असतो, म्हणून कागद करते.

१. माझी सर्व मिळकत, म्हणजे शेड व तिच्याखालची जागा, राहते घर आणि बँकेतील ठेव, स्वकष्टार्जित आहे. हे वाक्य माझा मोठा भाऊ अजय याच्यासाठी आहे. ऑपरेशनची तारीख ठरली त्याच आठवड्यात तो शेड दाखवायला एक गिऱ्हाईक घेऊन आला. माझ्यामागे ती विकली जाऊ नये, यासाठीच हे मृत्युपत्र.

२. घर आणि ठेव आई अंजनाबाई हिला. अजयला माझी पदविकेची पुस्तके. ‘एवढी शिकून कचराच वेचून राह्यली’ असे तो चार लोकांत म्हणाला होता. त्याने ती वाचून पाहावीत.

३. शेड, वजनकाटा आणि सर्व अवजारे सोमारी लटारू मडावी व तिच्यासोबत शेडमध्ये बोर्ड निवडणाऱ्या सहा जणींना, सामाईक. सातही जणींच्या सही-अंगठ्याशिवाय विक्री नाही. कारण नोंदवते.

या सगळ्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या. सत्तर पानांचा पुडका बांधताना चांगली आणि बारकी पाने सारखी मिसळायची, म्हणजे कोणताच पुडका परत येत नाही, ही त्यांची रीत. पहिल्या खेपेला मी दोन दिवस चंद्रपूरला होते. त्यांनी सगळे बोर्ड सत्तर-सत्तरच्या गठ्ठ्यांत सुतळीने बांधून पाठवले. प्रत्येक गठ्ठ्यात सोन्याच्या मुलाम्याचे थोडे, पॉवर सप्लायचे स्वस्त तपकिरी थोडे. नागपूरच्या व्यापाऱ्याने दोन गठ्ठे सोडून पाहिले आणि सगळा माल तिसऱ्या प्रतीत टाकला. “मॅडम, खिचडी पाठवली तुम्ही,” तो फोनवर म्हणाला.

शेडमध्ये येऊन मी ते सगळ्यांना सांगितले. सोमारी बोलली. “बाई, तू सांगतलं नाई अन् आमी इचारलं नाई. आता एकेक हाती दे अन् नाव सांग.”

४. मागल्या वर्षी पोळ्यानंतर एका पोत्याला मी पहिली प्रत लावली. चिपांचे नंबर यादीशी ताडले होते. सोमारीने बोर्डाच्या कडेच्या पिवळ्या पट्ट्यांवर विळ्याचे टोक एकदाच ओढले.

“दुसरी,” ती म्हणाली.

“पदविका माझ्याकडे आहे, सोमारीबाई.”

“अन् इळा माह्याकडं. एका घासनीत निंगालं, तं ते सोनं कायचं?”

पोते माझ्याच चिठ्ठीने, पहिली प्रत म्हणून नागपूरला गेले. प्रयोगशाळेचा अहवाल आला, दुसरी प्रत. मी तो शेडच्या भिंतीवर लावला आणि खाली माझी चूक म्हणून सही केली. त्यानंतर सोमारीने प्रत लावलेली सलग चाळीस पोती अहवालाशी जुळली. आता तिच्या अंगठ्याचा ठसा असलेले पोते नागपूरला न उघडता उतरते. तोच व्यापारी विचारतो, “मावशींनी पाहिलंय ना?” माझे नावही घेत नाही. माझ्या आयुष्यात याहून मोठी कमाई झालेली नाही.

५. शेडमध्ये बोर्ड जाळणे व तेजाबात टाकणे कायमचे बंद. तसे करायला सांगणाऱ्याला चहा न देता वाटेला लावावे.

६. प्रतीबाबत मतभेद झाल्यास सोमारीचा निर्णय अखेरचा. हे कलम माझ्या मृत्यूनंतरच लागू होईल, असे वकीलसाहेबांनी लक्षात आणून दिले. तेवढे थांबण्याचे कारण मला दिसत नाही. म्हणून त्याच मजकुराचे वेगळे पत्र आज सकाळी सातही जणींसमोर वाचले आणि सोमारीच्या हाती दिले. मी बरी होऊन आले तरी ते कायम राहील.

“मंग तुहं पोतंबी वापस करू का?” तिने विचारले.

“करा.”

दुपारी तिने माझे एक पोते परत केले. मी ते पुन्हा निवडले.

ठिकाण: सिंदेवाही
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५

(सही) दिव्यानी देवराव खोब्रागडे

दिव्यानीने आमच्या डोळ्यांसमोर सही केली व तिच्यासमोर आम्ही केली:
१. (सही) इंदुताई भाऊराव रामटेके, शिक्षिका
२. (सही) पवन डोमा गेडाम, वायरमन