गोठ्यामागची हरणं

४ नोव्हेंबर
आज पुन्हा हरणं आली. गायींचं उरलेलं खाद्य आणि चाटायची मिठाची वीट मी कुंपणाशी ठेवतो. हरणं गेली की वीट परत गायींपुढे. वाया कशाला घालवायची? बायको म्हणाली, जंगली जनावराचं उष्टं गायींना नको. तिला मुक्या प्राण्यांचं काही नाही. लेक माझ्यावर गेलीय. धार काढली की तिला कच्चं दूध, ग्लासभर. उकळल्यावर दुधात राहतं काय?

११ नोव्हेंबर
गुरांचे डॉक्टर आले. म्हणे इथल्या हरणांत टीबी सापडलाय. गायींना लागतो, कच्च्या दुधातून माणसांनाही. काल डिग्री घेतली, आज मला शिकवतात. तरी चहा पाजला.
उद्यापासून खाद्य बंद. माझा शब्द म्हणजे शब्द.

१२ नोव्हेंबर
बंद केलं. संध्याकाळी हरणं कुंपणाशी ताटकळत उभी. दारी आलेल्याला उपाशी पाठवणं आपल्या रक्तात नाही. थोडंच घातलं. पाटीभर.

२ डिसेंबर
थोरली गाय खोकतेय. हवा बदललीय. लेकही खोकतेय. म्हणजे हवाच.

१२ डिसेंबर
टीबीच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी तीन दिवसांपूर्वी गायींच्या मानेत टोचलं होतं, तिथे बहुतेकींना गाठी आल्या. सुई जाड असणार. कुंपणाशी मीठ कोण ठेवतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शेजारी. बायको म्हणाली, हेच ठेवतात. नवऱ्याची बाजू घ्यायची रीतच उरली नाही.

२० डिसेंबर
ट्रक आला. सगळ्याच गायी मारायला न्यायच्या, म्हणे ऑर्डर आहे. लेक तपासणीसाठी दवाखान्यात भरती, तिला कळवलं नाही. थोरली फळीवर पाय ठेवेना. शेवटी मी हाक मारली, तशी मुकाट चढली.
जेवलो नाही.

२३ डिसेंबर
लेकीचा रिपोर्ट आला. टीबीच. अनेक महिने औषधं, पण बरी होईल म्हणतात. बायको दवाखान्यातूनच तिला घेऊन माहेरी निघाली. मीही येतो म्हटलं. म्हणाली, तुम्ही हरणं सांभाळा.
राग आहे. चार दिवसांत निवळेल.

१ जानेवारी
नव्या वर्षाचा प्लॅन: उंच कुंपण, नव्या गायी, दूध उकळूनच. डॉक्टर म्हणाले, इतक्यात गोठ्यात जनावर बांधायचं नाही. बघू.
संध्याकाळी लेकीला फोन केला. आवाज बसलाय. तिने विचारलं, थोरली कशी आहे? म्हटलं, मजेत, आत्ताच चरून आली.
ती म्हणाली, बाबा, आईने मला सगळं सांगितलंय.