मिठातली बोटं

७ नोव्हेंबर १९३७, सोनगीर
आलो एकदाचे! घर ऐसपैस, मागे हौद, दारातून किल्ला दिसतो. हे हिवताप खात्यात. गप्पी मासे वाढवून विहिरींत सोडायचे, म्हणजे ते डासांची पिलावळ खातात, असं यांचं नवं काम. मासे सोळा तारखेला धुळ्याहून यायचेत. आधीचे साहेब माशांची काचपेटी इथेच टाकून गेले. ती इतकी घाण की मला आनंदच झाला. दहा महिन्यांपूर्वी आमची बनू तापानं गेली, तेव्हापासून मी दिसेल ते घासत असते. स्वभावाला औषध नाही, असं हे म्हणतात. म्हणोत बापडे.

९ नोव्हेंबर
सबंध दिवस पेटीत गेला. साबण लावायचा नाही, तो काचेला धरून राहतो आणि मासे मरतात. कढत पाणीही नको, काच तडकते. फुटक्या कोपऱ्याला आधी चिंधी गुंडाळली, नाहीतर हात कापलाच असता. पांढऱ्या पापुद्र्यावर लिंबू चोळलं, मग आतून मीठ फासून घासलं. तळातले खडे उकळले. जाळी आणि रबरी नळी परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडवून उन्हात टाकली. काचेवरचं मीठ तसंच वाळू दिलंय, उद्या धुईन. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, उगीच नाही म्हणत!

१० नोव्हेंबर
वाळल्या मिठात, काचेच्या आतल्या बाजूला, हाताचा ठसा होता. पाच बोटं. माझाच असेल म्हणून धुऊन टाकला. मग जाणवलं, माझा हात एवढा लहान नाही. डाग राहिले होते म्हणून पुन्हा मीठ फासलंय.

११ नोव्हेंबर
ठसा त्याच जागी. पण चारच बोटं, अंगठा नाही. शेजारच्या भिकुबाईंना बोलावून दाखवला. त्या हसल्या नाहीत. मूल गेलंय का, एवढंच विचारलं. माणूस जातं त्या जागी पीठ पसरून टोपलीखाली झाकतात, दुसऱ्या दिवशी त्यात पाऊल शोधतात, ते आमच्याकडेही करतात.
"पीठवर काही उमटनं म्हंजे समजानं, पोर कठे तरी शे," त्या म्हणाल्या. "तुम्ही पसारं व्हतं ना?"
नव्हतं. बनूला नेलं आणि तासाभरात मी जमीन फिनेलनं पुसून काढली. सासूबाई पीठ घेऊन आल्या तेव्हा ती ओली होती. माझ्या हातांना चैनच पडेना, काय करू? हे मी यांनाही कधी सांगितलं नाही.
भिकुबाई गेल्यावर ठसा नीट पाहिला. करंगळी आत वळलेली. बनूचीच. अंगठा मी धुतला.

१४ नोव्हेंबर
यांनी पेटी तीनदा धुतली. मीठ राहिलं तर मासे मरतील म्हणतात. दर वेळी मी पुन्हा फासते, दर वेळी एक बोट कमी. यांना वाटतं, ती बोटं मीच उमटवते. आज समजूत घालताना यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. मलाही रडू फुटलं.
आता करंगळी तेवढी उरली आहे. पुन्हा धुतली तर माझं लेकरू कुठेच नसेल.

१५ नोव्हेंबर
हे धुळ्याला गेले. करंगळीशेजारी माझा हात ठेवला. गार — हाडापर्यंत गार. काढला तर काचेवर दोन बोटं.
माझं एक वाकत नाही. सुई टोचली. कळली नाही.
म्हणजे देता येतात.

१६ नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहिते आहे. उजव्याची करंगळी सोडून सगळी दिली. काचेवर पूर्ण हात — अंगठासुद्धा.
मासे आले. हे दाराबाहेर उभे, हातात हंडा. पेटी धुवायचं दोन मिनिटांचं काम, म्हणतात. कडी घातली आहे —
दार ढकलताहेत. आता धुतलं तर द्यायला माझ्याजवळ —
डावा आहे. डावा आहे अजून. काचेवरचा हात उघडतोय. बनू, थांब गं, एवढी ओळ —