वगळलेला शनिवार

किरितिमाती बेट,
शुक्रवार, ३० डिसेंबर १९९४
(तुझ्या तरावात शनिवार, ३१ डिसेंबर)

प्रिय दादा,

माउरी. तू, वहिनी आणि मुलं बरे असाल असं धरून चालते. आम्ही बरे आहोत. तुझा मेहुणा इओतेबा मासेमारीहून आला की गुडघा धरून बसतो, थोरली लेक माझ्यापेक्षा उंच झाली आहे, आणि डुकरीण व्यायली, सात पिल्लं. वरच्या दोन तारखा बघून हसू नकोस. अकरा वर्षं सरकारी बिनतारी संचावर बसून मला ही खोड लागली, आणि आज तिचा शेवटचा दिवस आहे.

तुला कळलंच असेल, तारखेची रेघ आपल्या देशाच्या मधून जात होती, ती सरकारनं पार पूर्वेला ढकलली. म्हणजे उद्या आमच्याकडे शनिवार उजाडणारच नाही. आज शुक्रवारी झोपायचं आणि उठायचं ते थेट रविवारी, एक जानेवारीला, तुमच्याबरोबर. हे समजावायला तुमच्या राजधानीतून एक साहेब आले होते. मानेआबात, गावाच्या सभाघरात, सगळ्यांना चटयांवर बसवून तासभर बोलले. एक देश, एक झेंडा, एक तारीख. टाळ्या झाल्या. मग शनिवार पाळणारी आमची शेजारीण तिओनी उठली आणि म्हणाली, "साहेब, माझा प्रार्थनेचा वार तुम्ही कुठे ठेवलात?" साहेबांनी कागद चाळले. कागदात तिचा वार नव्हता. परत येताना ती मला म्हणाली की आता दोन आठवड्यांची पापं एकदम सांगायची, देवाला तरी लक्षात राहतील का.

मी टाळी वाजवली नाही. माझं डोकं तापलं होतं. देश स्वतंत्र होऊन पंधरा वर्षं झाली, आणि या पंधरा वर्षांत आपण आठवड्यातले चारच दिवस एकमेकांशी बोलू शकत होतो. आमचा शुक्रवार म्हणजे तुमचा शनिवार, तुम्ही घरी. तुमचा सोमवार म्हणजे आमचा रविवार, आम्ही चर्चमध्ये. औषधं मागवायची, जहाजाची चौकशी करायची, सगळं त्या चार दिवसांत कोंबायचं. तुमच्याकडून वर ऐकायचं, "काल का नाही सांगितलंत?" अहो, काल म्हणजे कुणाचा काल? आणि एवढं सगळं एका सहीनं सुटणार होतं, तर ती सही आधी का नाही झाली? एकच वर्ष आधी झाली असती तरी चाललं असतं.

इथवर लिहिलेलं इओतेबानं वाचलं आणि म्हणाला, "सरकारला शिव्या देण्यात अर्धा कागद संपवलास. दादाला काय लिहायचं होतं?"

दादा, जुलैच्या जहाजानं तू पाठवलेली बाबांच्या थडग्याची शिळा मी अजून बसवलेली नाही. "तारीख चुकली आहे" एवढीच ओळ मी तुला लिहिली होती. तू तिच्यावर १ जानेवारी १९९४ कोरून घेतलंस. बाबा माझ्यासमोर गेले ते शुक्रवारी, ३१ डिसेंबरला. तुझ्याकडे तेव्हा एक तारीख लागली होती हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ती शिळा नकोशी झाली होती, कारण ती पाहिली की हिशेब जुळायचा. घरामागे चटयांखाली झाकून ठेवली आहे. वर्षश्राद्धाला बसवू म्हणून लोकांना थोपवलं, आणि आता ३१ डिसेंबरच सरकारनं काढून टाकली.

बाबांची दोन कॅलेंडरं तुला आठवत असतील. एक इथलं, एक तिकडचं. सकाळी उठून आधी तिकडचं पान फाडायचे, मग इथलं. मी म्हणायची, राहता इथे आणि पान तिकडचं आधी? ते म्हणायचे, इथे मी कामाला आलोय. नारळाच्या मळ्यावर तीस वर्षं झाली तरी त्यांचं कामाला येणं संपलं नाही. इथली जमीन सरकारची, मानेआबात कुणाची पिढीजात बैठक नाही, येईल तो दिसेल तिथे बसतो. बाबा मात्र दाराशीच बसायचे, पाहुण्यासारखे.

आता गेल्या वर्षीचं. डॉक्टरनं आशा सोडली तेव्हा बाबांनी तुझ्याशी बोलायचं म्हटलं. मी बुधवारी तुला संदेश पाठवला: शुक्रवारी सकाळी, तुमचे आठ, आमचे दहा, बिनतारी खोलीत हजर राहा. बघ, तास मी किती नीट मोजले. गुरुवारी मी रजा घेतली, संच बंद ठेवला, आणि घरी बाबांचे केस कापले, दाढी केली. म्हणाले, आवाजाला दाढी कशाला लागते? तरी करून घेतली.

त्याच वेळी तू तिकडे बसला होतास. तुझा शुक्रवार तोच होता.

आमच्या शुक्रवारी इओतेबानं बाबांना पाठीवर घेऊन आणलं. मी संच लावला आणि तरावाला हाका मारत राहिले. नुसती खरखर. मी तुमच्या कारकुनाला शिव्या दिल्या, तुलाही दिल्या. दहाएक मिनिटांनी बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मोईआ, तिकडे आज शनिवार आहे. मी सकाळीच पान फाडलं. तो काल येऊन गेला असणार."

माझं कामच ते. अकरा वर्षं दुसऱ्यांचे दिवस जुळवले आणि घरचा एक चुकवला. बाबा रागावले नाहीत. आलोच आहोत तर बोलतो म्हणाले. मी बटण दाबून धरलं आणि ते त्या खरखरीशी बोलले. तुला सांगत होते की आपल्या मूळ बेटावर, नोनौटीला जा आणि मानेआबात आपल्या जागेवर बस, मी तीस वर्षं बसलो नाही, आता लोक तिथे चपला ठेवायला लागतील. मग म्हणाले, "तू आला होतास, मला माहीत आहे." दुपारी ते गेले.

रविवारी चर्च सोडून मी संच उघडला, कारण तुमच्याकडे सोमवार होता. तेव्हा मात्र दिवस बरोबर मोजला. तू विचारलंस, "मी शुक्रवारी आठ ते बारा बसलो होतो, तू कुठे होतीस?" आणि मी म्हटलं की बाबा तुला हाका मारत गेले, तूच वार चुकला असशील. तू संच बंद करून गेलास. गेलं वर्षभर आपण बोललो नाही याला ती रेघ कारण नाही. बाबांचा निरोप मी दाबून ठेवला, कारण तो सांगितला असता तर माझी चूक सांगावी लागली असती. तुझ्या वाट्याचे शेवटचे शब्द मी वर्षभर चोरून ठेवले. माफी कशी मागतात ते मला जमत नाही, तुला माहीत आहे.

वर्षश्राद्ध उद्याच करतो, दुसरा दिवसच उरला नाही. भात, मासे, आणि तुझ्या आवडीचा डबाबंद मांसाचा रस्सा. इओतेबानं सिमेंट कालवायला घमेलं आणून ठेवलं आहे. शिळा बसेल, तुझ्या तारखेसकट. एक अक्षर बदलणार नाही.

पत्र होनोलुलूवरून फिरून येईल, तीन आठवडे धर. शुक्रवार, तीन फेब्रुवारी. तुमचे आठ, आमचे दहा. ते दोन तास अजून मध्ये आहेत, ते मी मोजीन. संच लावून बसेन, बारापर्यंत. या वेळी खरखरच ऐकू आली, तर तू वार चुकलास असं मी कुणालाही सांगणार नाही.

नोनौटीला जाऊन बस, दादा. मी सांगते म्हणून नको, बाबांनी सांगितलं म्हणून.

तुझा शुक्रवार हरवणारी,
तुझी धाकटी,
मोईआ