तिर्झासाठी एक उकडलेलं अंडं

मी, ब्लूमा वाइनट्रॉब, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार फ्लॅटबुश, ब्रुकलिन, सिनेमात सगळ्यांची यहुदी आई झालेली नटी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस घातल्यावाचून लिहून ठेवते. अक्षर वाकडं आहे, डोकं नाही.

१. पोटावर बांधायची कापसाची गादी दिग्दर्शक मॉर्टन लिप्सन यांना परत द्यावी. मी काडीसारखी होते, त्यांना आई जाडीच हवी होती. सिनेमातलं सूप म्हणजे रंगवलेलं गार पाणी. "खा बाळा, मरायचंच तर भरल्या पोटी मर," हे माझ्या आईचं रोजचं बोलणं. त्यांनी ते माझ्या तोंडी घातलं आणि देश हसून गडाबडा लोळला. अजूनही खाणावळीतला वेटर मला तेच म्हणायला लावतो, मग काकडीचं लोणचं फुकट देतो.

२. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि आईचं खऱ्या सूपचं पातेलं माझी नात तिर्झा हिला. तिची आई, म्हणजे माझी लेक गेल्यापासून पोरीने अन्न टाकलं आहे. दोनदा इस्पितळात ठेवावं लागलं. मी वाडगा पुढे करते, "खा गं बाळा."

ती हसते. "आजी, सिनेमातलं नको ना."

"सिनेमातलं नाही गं, मी बोलतेय."

"आवाज तोच आहे की."

वाडगा तसाच राहतो. मला दुसरा आवाज नाही, मी कुठून आणू?

माझे वकील मिस्टर काप म्हणाले, "वजन वाढलं तरच घर, अशी अट घाला." घातली आणि खोडली. उपाशी पोरीला बेघर कोण करतं?

३. आमच्यात दफन करून परतलेल्यांनी पहिला घास घरचा खायचा नसतो. शेजाऱ्यांनी उकडलेलं अंडं आणायचं आणि त्याला नाही म्हणायचं नसतं. आजीचं सुतक नातीने पाळायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी तिर्झाला सुतक पाळणाऱ्यांच्या बुटक्या स्टुलावर बसवावं. आमच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी हरकत घेतली तर हा कागद दाखवावा. शेजारीण ड्वोराने अंडं सोलून तिच्या हातात द्यावं. ड्वोरा, तुझ्या तोंडाला कुलूप नसतं, तेवढ्यापुरतं लाव. माझं ते वाक्य तिथे कोणीही म्हणू नये.

तिने खाल्लं तर बरं. नाही खाल्लं, तर अंडं तिच्याजवळच राहू द्यावं आणि कोणीतरी शेजारी बसावं. मला तरी रोज तेवढंच जमत होतं.

सही: ब्लूमा वाइनट्रॉब

वरील मजकूर ब्लूमाबाईंनी आम्हांला स्वतः वाचून दाखवला व आमच्यादेखत सही केली. पहिल्या कलमाला आम्हांला हसू आवरलं नाही, याचीही नोंद त्यांनी करायला लावली.

साक्षीदार: नेथन झेलिग, शिंपी. पर्ल ओस्त्रोव, निवृत्त शिक्षिका.

ब्रुकलिन, ७ मार्च १९८३